चौदा गोणींची निळी गाडी

तुर्भ्याच्या नाक्यावर, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला सिताराम मढवीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर चार वासे, वर पत्रा, भात्याची भट्टी, एक ऐरण आणि दारात मोडक्या लोखंडाचा ढीग. नावाचा फलक नव्हता, आणि तो लागतो कुणाला? नाशिककडून कांदा भरून निघालेल्या ट्रकचा ड्रायव्हर कसाऱ्याला कट्‌कन आवाज ऐकायचा, कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, “चला, आता सितारामचं तोंड बघायचं.” ट्रकच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात. त्या सगळ्यांची मिळून झाली कमान, आणि त्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. ओझ्याखाली कमान वाकते, खड्डा गिळते, पुन्हा सरळ होते. पण आपले लोक नऊ टनांच्या गाडीत पंधरा टन कांदा कोंबणार! बिचारी कमान किती गिळेल?

सिताराम मूळचा करावे गावचा. बाप मिठागरावर, आई मिठागरावर, आणि चौथी पास झाल्यावर पोरगाही मिठागरावर. सोळाव्या वर्षी तो जो पळाला तो कुर्ल्याला एका सरदारजीच्या कमानीच्या कारखान्यात. अकरा वर्षं घण मारला. उस्तादानं त्याला पाटा लाल कसा करायचा, गोलाई कशी द्यायची, पाणी कधी पाजायचं ते सगळं शिकवलं, आणि निघताना पाठीवर थाप मारून एक मंत्र दिला: “सिताराम, शंका आली ना, की एक पाटा वाढव.”

गावाकडे आला तोवर शेत नव्या शहरात गेलेलं, मिठागरं बंद पडत आलेली. त्यानं नाक्यावर भट्टी पेटवली. एक्याऐंशी साली मुंबईचा कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला आला आणि सितारामचं नशीब उघडलं. रोज चार-चार, पाच-पाच ट्रक. कुणी म्हणालं, गाडी बसतेय, सिताराम पाटा वाढवायचा. कुणी म्हणालं, गाडी कलतेय, पाटा वाढवायचा. ड्रायव्हर लोक म्हणायचे, “सितारामनं हात लावल्यावर ट्रक मोडंल, कमान मोडनार नाय.” हे ऐकलं की सिताराम मिशीला हात लावायचा. आणि का लावू नये?

तर पंच्याऐंशीचा जानेवारी. सकाळी दहाचा सुमार. दोन ट्रक जॅकवर चढवलेले, सिताराम एकाच्या पोटाखाली. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. ट्रकचा नाही, स्कूटरचा नाही, मोठ्या भुंग्यानं घागरीत तोंड घालून गुणगुणावं तसा. तो उताणा सरकत बाहेर आला आणि पहिल्यांदा त्याला दिसली ती दोन गोल दिव्यांची, बेडकासारखी डोळे वटारलेली, निळीशार मोटार. छप्पर नाही! जागा दोनच. उंची इतकी की सिताराम उभा राहिला तर तिचं दार त्याच्या मांडीला लागलं.

आत एक बाई. अठ्ठावीस-तिशीची, केसांना रुमाल बांधलेला, नाकावर धूळ.

“सिताराम मिस्त्री तुम्हीच ना?”

“मीच. पन बाय, ही गाडी वाढायची राहिलीय का अजून?”

ती खो खो हसली. चारुलता सबनीस तिचं नाव. वाशीला राहायची आणि इथल्याच पट्ट्यात एका रंगाच्या कारखान्यात रसायनं तपासायची. गाडी विलायती, वडिलांनी सत्तर साली मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. नंदकिशोर सबनीस त्यांचं नाव, गोदीतून निवृत्त झालेले इंजिनियर. आता वडील चालवत नाहीत, लेक चालवते. आणि महिन्याभरानं पारसिकच्या डोंगरावर, खाणीच्या नव्या रस्त्यानं, जुन्या गाड्यांची चढाईची शर्यत ठेवली होती एका क्लबनं. एकेक गाडी सोडायची, खालून वर, घड्याळ लावून.

“मागून बसलीय ती,” चारुलता म्हणाली. “वळणावर पोट घासतं. मागच्या कमानी तुमच्याच धंद्यातल्या आहेत, म्हणून आले.”

सितारामनं वाकून पाहिलं आणि त्याचा जीव हरखला. अहो, खरंच कमान होती! ट्रकची जणू नात. बोटाएवढे रुंद पाटे, ओंजळीत मावतील असे. त्यानं मागचा बंपर धरला आणि सहज उचलून पाहिलं, तर गाडी हलली की!

“वजन किती हिचं?”

“सातशे किलोच्या आत.”

सितारामनं मनात भागाकार केला. पन्नास किलोची गोण. “चौदा गोनी? अख्खी मोटार चौदा गोनी? बाय, यवढा कांदा तं माझ्या ट्रकवाल्यांच्या पायात सांडतो!”

चार दिवसांत त्यानं काम केलं, आणि काय मन लावून केलं! जिपेचा पाटा कापून, तासून, लाल करून, गोलाई देऊन, पाणी पाजून दोन्ही बाजूंना एकेक नवा पाटा वाढवला. धक्के शोषायला आत तेल भरलेली दोन डबडी असतात, ड्रायव्हर त्यांना शॉकप म्हणतात. त्यांतलं पाण्यासारखं तेल त्यानं ओतून टाकलं आणि ट्रकचं काळं, काकवीसारखं तेल भरलं. गाडी जमिनीवर उतरवली तर मागून अशी उभी राहिली, अशी उभी राहिली, जसा शर्यतीचा खोंड! सितारामनं तिच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाबलं. हूं नाही की चूं नाही.

“घ्या,” तो म्हणाला. “आता गाडी मोडंल, कमान मोडनार नाय.”

तिसऱ्या दिवशी नंदकिशोर सबनीस स्वतः चालत दुकानात आले. पांढरा शर्ट, पांढरे केस, चेहराही तसाच पांढरा.

“मिस्त्री, माझी मुलगी काल नेरूळच्या नव्या रस्त्यावर वळणात गेली. रस्त्याला जोड होता, दोन बोटांचा. मागची चाकं जमिनीवरून उडाली आणि गाडीनं पुरती गिरकी घेतली. एक नाही, दोन. मग चिखलात.”

सितारामच्या हातातला घण खाली आला. “बाय?”

“तिला ओरखडा नाही. हसत घरी आली. मला मात्र हसू येत नाही.” सबनीसांनी रुमालानं चष्मा पुसला. “तुम्ही कांद्याची गाडी बनवलीत, मिस्त्री. दोष तुमचा नाही, माझाच. लेकीला नाही म्हणता येत नाही मला. पण आता ठरवलंय. कोल्हापूरचे एक गृहस्थ दोन वर्षं गाडी मागतायत. तिनं रडून-भांडून ती शर्यत पदरात पाडून घेतलीय. ठीक. त्या दिवशी ते गृहस्थ डोंगरावर येतील. गाडी न फिरता वर गेली तर तिची. फिरली तर तिथूनच कोल्हापूरला.”

एवढं बोलून ते गेले. आरडाओरडा नाही, शिवी नाही. आणि तेच सितारामला लागलं. ट्रकवाला आईबहीण काढतो, आपणही काढतो, चहा पितो, मिटलं. हे असं सभ्य बोलणं आतवर जाऊन बसतं.

दुसऱ्या दिवशी तो चारुलतेच्या कारखान्याच्या फाटकावर हजर. “बाय, मना बसव गाडीत. काय झालं ता बगायचंय.”

आता खरी गोष्ट ऐका. चोवीस वर्षांत सितारामनं हजारो गाड्यांच्या कमानी बांधल्या, पण बसून पाहिलं ते नेहमी भरलेल्या ट्रकमध्ये. ओझं वर नसताना आपल्या हातची कमान कशी वागते, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं! चारुलतेनं गाडी सोडली आणि पहिल्याच खड्ड्यात त्याचे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्या खड्ड्यात टोपी उडाली. तिसऱ्यात मागचं चाक अधांतरी गरगरलेलं त्याला स्वतःच्या बुडाखाली कळलं.

“थांब गो बाय, थांब!”

“कळलं?” ती म्हणाली.

“कळलं. हिच्यावर ओझं नाय. माझी कमान वाट बगत बसलीय, कांदा कंदी येतो त्याची.”

पण कळणं वेगळं आणि काय करावं ते कळणं वेगळं. गाडी दुकानात आणली आणि तो तिच्याभोवती फेऱ्या मारू लागला. वाढवायचं कसं ते हातांना पाठ होतं. कमी करायचं कसं?

दुपारी त्याची बायको पुतळा भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन आली. पुतळा म्हणजे जिभेला धार असलेली बाई. लग्नाआधी बारा वर्षं मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहिलेल्या. तिनं गाडी पाहिली, डबा ठेवला आणि पदर खोचून सरळ गाडीच्या पाठीवर जाऊन बसली. दोनदा उठबस केली.

“मेलाय का काय हा पाटा? खाली जात नाय, वर येत नाय.”

“मजबूत हाय तो.”

“मजबूत!” पुतळेनं नाक मुरडलं. “आमी मीठ न्यायचो वीतभर बांधावरून, दोन्ही बाजूंना पानी. नवीन पोरगी आली की पाय ताठ करून चालायची, मजबूत! पहिल्याच खळग्यात मीठपन पान्यात नि तीपन पान्यात. मंग मोठ्या बाया सांगायच्या, गुडघा सैल सोड गो, गुडघा खाली-वर जाऊं दे, पाटी जागची हालता नये.” तिनं उतरून चाकाला लाथ मारली. “तुमी हिचा गुडघा बांधलाय.”

सितारामच्या हातातली भाकरी हातातच राहिली. चारुलता तर टाळ्याच पिटायला लागली. “वहिनी, एवढंच समजवायला पुस्तकात बावीस पानं घेतलीत हो!”

“मंग मना बोलवायचा ना आधी,” पुतळा म्हणाली.

मग जे सुरू झालं ते काय वर्णावं! तीन आठवडे दुकानात नुसती धमाल. सितारामनं आपला लाडका नवा पाटा सोडवला. सोडवताना असा चेहरा केला की जणू लेकीची पाठवणी. जुने पाटे पुन्हा लाल केले, बसलेली गोलाई परत दिली, पण मागच्या वेळेहून अर्धा इंच कमी. पाट्यांच्या टोकांच्या कडा कानशीनं घासून गोल केल्या, मधे ग्रीस भरलं, म्हणजे एकावर एक सरकताना कुरकुर नको. आता गाडी दाबली की खाली जायची, पण वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. पाळणाच!

“आता हिचा गुडघा तं सैल झाला, पन आवरेना,” सिताराम म्हणाला.

“ते तेलाचं काम,” चारुलता म्हणाली. “तुमचं तेल फार घट्ट, पहिलं फार पातळ. मधलं शोधायचं.”

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यातून सहा उंच काचेच्या नळ्या घेऊन आली. प्रत्येकीत पातळ आणि घट्ट तेलाचं वेगवेगळं मिश्रण, वर चिठ्ठ्या, एक ते सहा. सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा वरून सोडायचा आणि तळाला जाईपर्यंत आकडे मोजायचे. एक नंबरात छर्रा पडला म्हणेपर्यंत पडला. सहा नंबरात असा निघाला की जणू सरकारी कागद. ट्रकवाले आपली कामं सोडून भोवती जमले. सिताराम मोठ्यानं मोजायचा, बाकीचे त्याच्या सुरात सूर मिळवायचे, “चार... पाच... सहा...” आणि छर्रा तळाला टेकला की नाक्यावर जल्लोष!

एकेक तेल भरून पाहायचं, मागचा कोपरा दाबायचा आणि सोडायचा. सितारामनं कसोटी ठरवली: एकदा खाली, एकदा वर, आणि गप्प. तीन नंबराचं तेल भरलं आणि गाडीनं नेमकं तेच केलं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग पुतळेला बोलावून बसवलं.

पुतळा बसली, उठली. “आता मिठागरावर न्यायला हरकत नाय,” म्हणाली.

एक काम उरलं होतं. चारुलता म्हणाली, चारही चाकांवर ओझं हवं तसं वाटलं गेलं पाहिजे, नाहीतर गाडी डावीकडे एक वळते आणि उजवीकडे दुसरीच. पण एकेका चाकाचं वजन करायचं कुठं?

हे ऐकून दिलीप पुढे झाला. निफाडचा ट्रक ड्रायव्हर, अंगानं आडवा, मनानं लोण्याचा गोळा, सितारामचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. “कुठं म्हणजे? बाजारात! चार काटे एकाच गाळ्यावर मिळत्यात. आडत्या आपला गाववाला हाय.”

रविवारी दुपारी बाजार बंद असताना निळी गाडी कांद्याच्या गाळ्यात शिरली. सालपटं उडत होती, वासानं डोळे चुरचुरत होते. चार वजनकाटे चार कोपऱ्यांना मांडले. गाडी काट्यांवर चढवायची कशी, म्हणून सिताराम फळ्या शोधू लागला, तर कोपऱ्यात पत्ते खेळत बसलेल्या माथाड्यांपैकी एकजण उठला.

“वजन किती म्हनलात?”

“चौदा गोनी.”

“अन् त्याला फळ्या?” त्यानं हाक मारली. आठजण आले, चौघं पुढं, चौघं मागं, हुप्प म्हणाले आणि मोटार उचलून काट्यांवर ठेवली, लहान मुलाला पाटावर बसवावं तशी! चारुलता आत बसली, हात सुकाणूवर, नजर समोर, जशी शर्यतीत बसणार तशी. सितारामनं काटे वाचले. मागच्या दोन चाकांत पस्तीस किलोंचा फरक. बसणारं माणूस उजवीकडे, म्हणून उजवं चाक जड. डाव्या कमानीखाली पत्र्याची एक पातळ पट्टी सरकवली. फरक बावीस. आणखी एक. फरक अकरा. माथाड्यांनी आपापसात पैजा लावल्या, चहाच्या. तिसरी पट्टी सरकवली आणि काट्याचा दांडा थरथरत थरथरत थांबला.

“चार किलो!” सिताराम ओरडला.

“चार किलो म्हंजे सुकून जाईल,” दिलीप म्हणाला. “कांदा असता तर धरलाच नसता.”

शर्यतीच्या दिवशी पारसिकच्या पायथ्याला जत्रा. मुंबईहून चकचकीत मोटारी आल्या होत्या, साहेब लोक गॉगल लावून. आणि एका बाजूला करावे गावची पंचवीस माणसं, नाक्यावरचे ट्रकवाले, माथाड्यांची टोळी. सबनीस एकटेच उभे, शेजारी कोल्हापूरचे गृहस्थ, फेटा बांधलेले, हसरे, निळ्या गाडीच्या बॉनेटवरून असा हात फिरवत होते जसा सोयरीक ठरलेल्या घरात फिरवावा. सितारामला तो हात बघवेना. पुतळेनं गाडीपुढं नारळ फोडला.

प्रत्येक गाडीच्या दोन फेऱ्या. चारुलतेचा नंबर आला, निशाण पडलं, भुंगा गुणगुणला आणि गाडी सुटली. पहिलं वळण खालून दिसत होतं, आणि सितारामच्या डोळ्यांपुढं मागचा भाग थडथडला! चाकं दगडावर टाकलेल्या चेंडूसारखी टप्‌टप्‌ उडाली, गाडी आडवी झाली, अर्धी फिरली, खाणीच्या चराच्या हातभर अलीकडे थांबली. लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. मग ती सरळ झाली आणि हळूहळू, बैलगाडीच्या चालीनं, वर जाऊन परत आली.

“गिरकी अर्धीच,” कोल्हापूरचे गृहस्थ हळूच म्हणाले. “पण आता ठरलंच म्हणायचं, नाही का?”

चारुलता उतरली. हसू नव्हतं. ती थेट सितारामकडे आली. “दादा, पुन्हा तसंच. पहिल्यासारखंच ताठ. कसं शक्य आहे?”

सिताराम गाडीखाली घुसला. कमान जागच्या जागी. बोल्ट घट्ट. कोपरा दाबला: एकदा खाली, एकदा वर, गप्प. सगळं बरोबर! मग गाडी उडते कशी? तो बाहेर आला, हातात हातोडी, आणि सवयीनं, ट्रकवाले निघताना करतात तसं, दांडा उलटा धरून टायरवर ठोकलं.

टण्ण!

तो थबकला. दुसऱ्यावर ठोकलं. टण्ण! चारही टायर देवळातल्या घंटेसारखे.

“हवा कोनी भरली?”

गर्दीतून दिलीप पुढं आला, छाती पुढं, घामानं शर्ट भिजलेला. “मी! तुमी नारळ आनाया गेलता तवा. म्हटलं बाय चढाला चाललीय, हवा कमी पडाया नको. पायपंपानं पन्नास पौंड मारली चारीत! पार पोटऱ्यांना गोळे आले बघ.”

सितारामनं तोंड उघडलं आणि शिवी ओठांवर आली, ट्रकवाल्याला शोभेल अशी. पण ती बाहेर पडेना. महिन्यापूर्वी हातात पंप असता, तर त्यानं स्वतः साठ मारली असती! आणि त्याला हसू फुटलं. पुतळेला फुटलं. चारुलता गाडीला टेकून पोट धरून हसू लागली.

“दिलप्या,” सिताराम म्हणाला, “तू माझाच भाऊ रे!”

तो सबनीसांकडे गेला. “सायेब, दोष सापडला. निम्मी हवा काढतो. दुसरी फेरी होऊं द्या.”

“मिस्त्री, तुम्ही मागच्या वेळीही असेच खात्रीनं बोलला होतात.” सबनीसांनी वर बोट दाखवलं. “तो चर पाहिलात? हातभर राहिला होता. माझी एकच मुलगी आहे. तुम्हाला एवढी खात्री असेल, तर तुम्ही बसाल का तिच्या शेजारी?”

बोलणं झोंबणारं होतं, आणि झोंबावं म्हणूनच होतं. सितारामनं वर पाहिलं. नऊ वळणं, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाण. त्यानं हातोडी या हातातून त्या हातात घेतली.

“बसा ना,” पुतळा मागून म्हणाली. “आता का पाय ताठ झालं?”

क्लबच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, माणूस वाढवल्यानं वेळ जास्त लागेल, नंबर जाईल, बाकी आमची हरकत नाही, हेल्मेट घाला. सितारामनं आधी टायरजवळ बसून हवा सोडली. सूं सूं सूं. ठोकायचा, ऐकायचा, पुन्हा सोडायचा. पिकलेल्या कलिंगडासारखा बद्द आवाज आला तेव्हा थांबला. चारही बद्द. मग हेल्मेट चढवलं. त्यात त्याच्या मिशा मावेनात. करावेवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

“दादा, घट्ट धरा,” चारुलता म्हणाली.

निशाण पडलं!

पहिलं वळण अंगावर आलं आणि सितारामनं डोळे मिटले. पण डोळ्यांचं काम नव्हतंच ते. कमान तो बुडानं वाचत होता. मागचा भाग खाली बसला, दबला, चाकांनी जमीन धरली. धरून ठेवली! गाडी दोरी लावल्यासारखी वळली आणि सरळ झाली. त्यानं एक डोळा उघडला. दुसरं वळण. खाली, वर, गप्प. तिसऱ्याला रस्त्यात खडी सांडलेली. चाकांखाली खडखडाट झाला, पण त्याच्या पाठीला फक्त कुजबुज आली. “मार गो बाय!” तो ओरडला. ओरडला हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. चौथं, पाचवं. वारा हेल्मेटमध्ये शिरून शंखासारखा वाजत होता. सहाव्या वळणाच्या तोंडाशी मोरी होती, रस्ता उंटासारखा उठलेला. इथं! इथंच उडणार! चारुलतेनं पाय उचलला नाही. गाडी उंचवट्यावर चढली, पोटातलं सगळं गळ्याशी आलं, आणि पलीकडे मागची चाकं मऊ उतरली, पिकलेलं फळ गवतावर पडावं तशी. एकदा खाली. एकदा वर. गप्प.

“उतरली! बगलास का, उतरली!” सिताराम दोन्ही हात वर करून किंचाळत होता, घट्ट धरायचं कधीच विसरून. सातवं, आठवं, नववं, आणि वरचं पांढरं निशाण सर्रकन मागं गेलं.

गाडी थांबल्यावर त्याला उतरता येईना. चारुलतेनं हात धरून ओढून काढला आणि ती दोघं रस्त्यावर बसून वेड्यासारखी हसत सुटली. खाली वाशीची खाडी चमकत होती, आणि डोंगराच्या पायथ्यापासून ट्रकांचे भोंगे वाजत होते, एक नाही, दहा-दहा.

दहा मिनिटांनी क्लबच्या जिपेतून सबनीस वर आले, मागोमाग कोल्हापूरचे गृहस्थ. कुणीतरी कागदावर वेळ लिहून आणली होती.

“नंबर कितवा?” गृहस्थांनी विचारलं.

“शेवटून दुसरा,” चारुलता म्हणाली. तोंडावर इतका आनंद, जसा पहिला आला.

गृहस्थ सबनीसांकडे वळले. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षं मनात घोळवलेली गाडी समोर होती एवढंच. “अहो, शेवटून दुसरा म्हणजे तशी शर्यतीच्या कामाची नाहीच ती. आणि मघाची ती अर्धी गिरकी तर सगळ्यांनी पाहिली.”

सबनीस लेकीकडे वळले. तिचा रुमाल सुटला होता, नाकावर पुन्हा धूळ होती. मग त्यांनी सितारामकडे पाहिलं. तो अजून जमिनीवर बसलेला, मिशा हेल्मेटमध्ये अडकलेल्या, त्या सोडवायची धडपड चाललेली.

“मिस्त्री, मोरीवर काय वाटलं हो?”

“सायेब,” सिताराम म्हणाला, “कोनी खांद्यावर उचलून पलीकडं ठेवलं.”

सबनीसांनी मान डोलावली. मग कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या कोपराला हात लावला आणि फार प्रेमानं म्हणाले, “कोल्हापूरला रात्रीच्या रेल्वेनंच जाणार ना तुम्ही? मग आमच्याकडे जेवूनच निघा. घरी गोडाधोडाचं करायला सांगतो.”

पाहुण्यांनी उसासा टाकला, फेटा सारखा केला आणि एकदाचे हसले. “जेवतो. पण वाशीपर्यंत येईन तर तिच्यातच बसून.”

“जागा दोनच हायत,” सितारामनं खालून सुनावलं. “नि मी अजून उठलो नाय.”